गाल पुढे करायचा की तक्रार द्यायची?

नगरी_सलाम (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

पुढच्या महिन्यात आमच्या तरुण संघात 'विरोध आणि छळ' या विषयावर बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. निमित्त असं. पुण्याच्या कडेला राहणाऱ्या आमच्याच मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका कुटुंबाच्या घरी शुक्रवारची प्रार्थनासभा चालू होती. काही पोरं दार ढकलून आत आली, मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, "इथं धर्मांतर चालतं" म्हणाली आणि पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना उठवलं. कुणाला मारहाण झाली नाही, पण सभा बंद पडली ती पडलीच. रविवारी उपासना सुटल्यावर यावरून आमच्यात दोन तट. वडीलधारे म्हणतात, प्रार्थना करा, सोडून द्या, मत्तय ५:३९ वाचा (एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर). पोरं म्हणतात, आधी एफआयआर, मग गाल.

माझा कल पोरांकडे आहे, आणि तो तापट डोक्यामुळे नाही. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढा. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना चौकशीविना भर चौकात छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडा त्यांना, गुपचूप जाऊ द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, न्यायनिवाड्याशिवाय उघड मारलंत आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आले, विनवण्या केल्या. आणि हाच पौल रोमकरांस लिहितो की छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, शाप देऊ नका. एकाच माणसाच्या दोन्ही गोष्टी आहेत.

अनुभव, वचनं, कायदा, काहीही लिहा. फक्त 'कुणाचा धर्म खरा' इथं नको, त्यासाठी धाग्यांची कमी नाही.

घोरपडीकाका

सलाम. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातले. बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं बोलणं टाकलं, आणि पाणी तर आधीपासूनच वेगळं होतं. आजोबांनी कुणाच्या नावानं कागद केला नाही. शेजाऱ्याच्या घरी साप निघाला तर काठी घेऊन तेच पुढे. मी लहान असताना त्याच घरातली माणसं आमच्याकडे नाताळाला जेवायला येत. हे कोर्टातून मिळालं नसतं.

आपल्या मातीतलंच उदाहरण घ्या. नाथमहाराज गोदावरीवर स्नान करून येत, तो माणूस अंगावर थुंके, महाराज परत नदीवर. शेवटी थुंकणाराच दमला आणि पायावर पडला. नाथांनी चौकीत अर्ज दिला नव्हता. अर्ज दिला की शेजारी कायमचा फिर्यादी-आरोपी होतो. ती पोरं उद्या त्याच सोसायटीच्या गेटवर उभी असणार आहेत, विसरू नका.

खडकी_पॅसेंजर

काका, आदर ठेवून. नाथांवर थुंकणारा एकटा होता. त्याच्या हातात मोबाइल नव्हता आणि व्हिडिओ गावभर फिरवायला ग्रुप नव्हते.

आणि दुसरा गाल सांगणाऱ्यानं स्वतः काय केलं? योहान १८. महायाजकासमोर शिपायानं चपराक मारली तर प्रभू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? परत मारलं नाही, पण जाब विचारला. माझ्या मते सगळा धडा त्या एका ओळीत आहे.

पळणंही चालतं बरं का. मत्तय १० मध्ये सरळ सांगितलंय, एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा. पौल दिमिष्कातून (दमास्कस) टोपलीत बसून भिंतीवरून उतरला. "थांबून मार खाल्ला तरच खरा ख्रिस्ती" असं सांगणाऱ्या भावांनी ती टोपली लक्षात ठेवावी.

काळा_कोट

वकिली करते म्हणून आधी कलमं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कायदेशीरपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं हा कलम ३०० चा गुन्हा, एक वर्षापर्यंत शिक्षा (जुन्या दंडसंहितेत हेच २९६ होतं). प्रार्थनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची विटंबना २९८ मध्ये. धर्मभावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं दुखावणं २९९ मध्ये, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे, हे आपल्या प्रचारकांनीही लक्षात घ्यावं. दफनभूमीत घुसून केलेला प्रकार ३०१. परवानगीशिवाय घरात घुसणं हा वेगळा गुन्हा, ३२९. उपासनेतला व्यत्यय दखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यानं नोंदवून घेणं ही मेहेरबानी नव्हे. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ते स्पष्ट केलंय. तरी बऱ्याचदा एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण होते, तिथं अडून बसायचं.

पुण्यात हद्दीचा घोळ फार. शहर आयुक्तालय वेगळं, २०१८ पासून पिंपरी-चिंचवड वेगळं, बाकी पुणे ग्रामीणचे अधीक्षक. "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ठरलेलं. त्यावर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच घेतली तर उपायुक्त किंवा अधीक्षकांना लेखी, टपालानं. तिथंही नाही तर दंडाधिकारी.

आता प्रत्यक्ष त्या वेळी काय करायचं. कुणाचा मोबाइल हिसकावू नका, त्यातूनच तुमच्यावर उलट गुन्हा दाखल होतो. झटापट नको. ११२ लावा, तो कॉल नोंदला जातो. मुलं आणि म्हातारी माणसं आतल्या खोलीत. आलेल्या हवालदाराचं नाव आणि बक्कल नंबर नम्रपणे विचारा. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरीला त्याच रात्री लेखी द्या. आणि "पुन्हा सभा घेणार नाही" असलं हमीपत्र वकिलाला विचारल्याशिवाय लिहून देऊ नका. घाबरलेली माणसं हेच सगळ्यात आधी करतात.

आपला हक्क कुठवर आहे तेही सांगते. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. ओडिशानं १९६७ मध्ये, मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये यावर कायदे केले, मग इतर राज्यं आली. प्रत्येकाची कलमं निराळी. मूळ मजकूर वाचा, व्हॉट्सअॅपवर कायदा शिकू नका.

सदाशिव_शंका

मी ख्रिस्ती नाही. धागा वाचला म्हणून दुसरी बाजू मांडतो, आवडली नाही तर सोडून द्या.

घरात घुसणं चूकच, त्यात दुमत नाही. पण लोक चिडतात का, याचा विचार तुमच्या तरुण संघात होणार आहे का? आमच्या कामवाल्या मावशींना कुणीतरी सांगितलं की देव्हारा काढा, त्यात सैतान आहे, म्हणून घरात आजार येतात. बीपीची गोळी बंद करून तेल लावायला सांगितलं. हे श्रद्धास्वातंत्र्य का? पत्रकात आमच्या देवांविषयी काय छापतात तेही वाचलंय. मग कुणी विरोध केला की 'छळ'.

पास्टरचा_पोर

सदाशिव_शंका, हा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपवर चिकटवणार आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात एक गैरसोयीची ओळ आहे. तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. ख्रिस्ती म्हणून भोगत असेल तर लाज वाटू देऊ नये. ढवळाढवळ करणाऱ्याला पेत्रानं चोराच्या आणि खुन्याच्या रांगेत बसवलंय! गोळी बंद करायला सांगणारा माणूस सुवार्तेसाठी मार खात नाही, मूर्खपणासाठी खातो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून लुबाडणं गुन्हा आहे, आणि तो कायदा बुवा-बाबांइतकाच आपल्या 'चंगाई महोत्सवा'लाही (प्रार्थनेनं आजार बरे करण्याचे मेळावे) लागू होतो. तो कायदा व्हावा म्हणून आयुष्य घालवलेल्या डॉ. दाभोलकरांचा खून याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. आपण त्या कायद्याला शत्रू समजू नये.

दुसरं. घडलेल्याला मीठमसाला लावणं बंद करा. हिंजवडीच्या ऑफिसात कुणी "काय रे, तांदळाच्या पोत्यावर बाटलात ना" म्हणालं तर तो हलकटपणा आहे, पण ते २००८ चं कंधमाळ (ओडिशातले ख्रिस्ती वस्त्यांवरचे हल्ले) नाही. सगळ्याला 'छळ' हा एकच शब्द वापरला की ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी शब्दच उरत नाही. आणि परदेशी देणगीदारांना दाखवायला रडके व्हिडिओ करणारे मी जवळून पाहिलेत. त्यात ज्या बाईचा चेहरा दिसतो तिला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं, हे शूट करणाऱ्याच्या गावीही नसतं.

खडकी_पॅसेंजर

+१. पण सदाशिवराव, त्या शुक्रवारच्या घरात तेलाची बाटली नव्हती. एक पेटी, चार गाणी आणि शेवटी पोहे. त्यांनी कुणाचा देव्हारा हलवला नव्हता. दुसऱ्या कुणी गाढवपणा केला त्याचा हिशेब त्या आजींकडून का?

सदाशिव_शंका

मान्य. त्यांच्याकडून नकोच.

पेठेतला_जुना

अवांतर वाटेल, पण आहे विषयाचंच. पुण्याला ही हत्यारं नवी नाहीत.

ऑक्टोबर १८९०, गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन. व्याख्यानाला बोलावलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात रानडे होते, टिळकही होते. कुणी घोट घेतला, कुणी पेला हातात धरून ठेवला. ज्यांनी हा घाट घातला त्या गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. मग ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद), शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्तं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं म्हणून सुधारकच त्यांच्यावर नाराज झाले. लक्षात घ्या, यातलं कुणीही ख्रिस्ती झालं नव्हतं. नुसता चहा!

तेव्हा वर्तमानपत्रात नाव छापायचे, आता व्हिडिओ फिरवतात. मारायचं कुणाला नसतंच. यादी लावायची असते, म्हणजे पुढच्या वेळी चहाला कुणी जात नाही. म्हणूनच सभा बंद पडली हे मला मारहाणीपेक्षा गंभीर वाटतं. ती सभा पुन्हा सुरू होते का, यावर सगळं अवलंबून आहे. तक्रार वगैरे त्यानंतर.

सावित्रीबाईंवर याच शहरात शेण-चिखल फेकला. त्या दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायच्या. भाषण नाही, रडारड नाही, आणि शाळेचा खाडाही नाही.

केडगाव_लाइन

पंचहौदाचा विषय निघाला तर रमाबाईंना वगळून कसं चालेल.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. धर्म शिकवणार नाही, असं आश्वासन होतं. त्यांनी ते पाळलंही, पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्यायला नकार दिला. मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये गदारोळ झाला, केसरीनं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी मुली काढून नेल्या. एखादी बाई कोसळली असती.

त्यांनी तीन गोष्टी केल्या नाहीत, आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. दार बंद केलं नाही. टीकाकारांच्या विधवा मुलींना दारातून परत पाठवलं नाही. आणि ख्रिस्ती वडीलधाऱ्यांची 'बिचारी छळलेली बाई' होऊन त्यांच्या मुठीत गेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या ज्या सिस्टरांनी आसरा दिला होता त्यांच्याशीही त्यांनी श्रद्धेच्या मुद्द्यांवर कडक पत्रव्यवहार केला. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य भारतात जाऊन मुली गोळा करून आणल्या आणि त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आपल्या लोकांना रमाबाईंचं बायबल भाषांतर आठवतं, त्यांचा हट्टीपणा आठवत नाही.

नाव_नको

इथं सगळे बाहेरच्या विरोधाबद्दल लिहितायत. माझं घरातलंच आहे. विचारू का?

मी कॉलेजात असताना प्रभूकडे आले. बाप्तिस्मा अजून नाही. घरी कळल्यापासून आई जेवत नाही नीट. "तू मेल्यावर तुला अग्नी कोण देणार" म्हणून रडते. बाबा बोलत नाहीत. भावाने एकदा बायबल फाडलं, एकदा हात उचलला. आता गौरी-गणपती येतायत. मंडळीतल्या एका ताई म्हणाल्या, घरी जाऊच नको, नैवेद्याला हात लावू नको, क्रूस उचल. दुसऱ्या म्हणाल्या, प्रेमानं सगळं कर. मला कुणीतरी नीट सांगा.

केडगाव_लाइन

नाव_नको, हात उचलला हे आधी. ते क्रूसात मोडत नाही. पुन्हा झालं तर १८१ वर महिला हेल्पलाइन आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नसतो, एकाच घरात राहणाऱ्या भावाविरुद्धही चालतो. मैत्रिणीकडे एक पिशवी ठेव: आधारकार्ड, मार्कशीट, थोडे पैसे. तुला "सहन कर, साक्ष होईल" म्हणणाऱ्या कुणाचं ऐकू नको, तो पास्टर असला तरी.

आता सणाचं. मी गेले असते. मोदक वळले असते, गौरीचं घर सारवून दिलं असतं, आईचे पाय चेपले असते. आरतीला मागं उभी राहिले असते, हात जोडले नसते. नैवेद्याच्या ताटाबद्दल आपल्यातच एकमत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल आठव्या आणि दहाव्या अध्यायात त्यावर इतकं बारीक बोलतो की दोन्ही बाजूंना वचन सापडतं. तुझ्या मनाला टोचेल ते करू नको, पण आईच्या हातची पुरणपोळी नाकारून येशूची कुठली साक्ष होते, मला तरी कळत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (लोकमान्य नव्हे) ठाऊक असेल. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. काही वर्षं दोघं वेगळे. त्या परत आल्या तेव्हाही त्यांनी आपलं सोवळं, आपला वेगळा स्वयंपाक ठेवला आणि टिळकांनी तो ठेवू दिला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचारानं. तुझ्या घरात सध्या तू टिळक आहेस आणि आई लक्ष्मीबाई. तिचं दुःख खरं आहे. तिला 'विरोधक' म्हणू नको.

घोरपडीकाका

बाळ, अग्नी कोण देणार हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस. आईचं अर्धं भय तेच आहे, की मुलगी शेवटी आपल्यात नसणार. तिला सांग, तुझ्या आजारपणात उशाशी मीच असणार आहे. आणि असं खरंच वाग. बाप्तिस्म्याची घाई करू नकोस. प्रभू थांबतो.

पास्टरचा_पोर

काकांशी इथे सहमत नाही. घाई नको हे ठीक, पण घरचे कधीच 'हो' म्हणणार नाहीत म्हणून आयुष्यभर टांगून ठेवणं हेही बरं नाही. सज्ञान आहे ती. शिकून, कमावती होऊन, मग स्वतः घरी सांगून घ्यावा. चोरून मात्र नको. चोरून घेतलेला बाप्तिस्मा घरच्यांना फसवणूक वाटतो, आणि तिथं त्यांचं चुकत नाही.

रामवाडी_लोकल

आम्ही कॅथलिक, तुमच्या पेट्या-टाळ्या आमच्याकडे कमी, पण विषय सगळ्यांचा आहे.

'क्षमा की कायदा' हे भांडण खोटं वाटतं मला. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहा, यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला गाडीत झोपेत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली आणि बारीपद्यात कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालवलं. खटला मात्र चालू राहिला; जन्मठेप सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये कायम झाली. त्यांनी मनातला सूड सोडला, खटला त्यांचा नव्हताच, तो राज्याचा होता.

दुसरं उदाहरण जवळचं. सिस्टर राणी मारिया इंदूरजवळ गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत. फेब्रुवारी १९९५ मध्ये बसमध्ये समुंदर सिंग नावाच्या माणसानं त्यांना भोसकलं. त्याला शिक्षा झाली. पुढे त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्याला राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २०१७ मध्ये सिस्टरना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्या सोहळ्याला तो हजर होता. क्रम बघा: आधी न्याय झाला, मग राखी. कुणी त्यांच्या आईला खुनाच्या दुसऱ्या दिवशी "क्षमा करा आणि केस मागे घ्या" म्हटलं असतं तर ती क्षमा नसती, दडपण असतं.

वसईचे फादर दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही काहींनी विरोध केलाच. त्यांनी मराठीतूनच उत्तर दिलं, अध्यक्षीय भाषण करून.

काळा_कोट

रामवाडी, बरोबर. एक भर घालते. दखलपात्र गुन्ह्यातही तक्रार दिली म्हणजे समेटाचं दार बंद होत नाही. उलट, एफआयआर असली की समोरचा बोलायला बसतो. नसली की समेट म्हणजे तुम्ही गप्प बसणं.

आळंदीकर_माउली

राम कृष्ण हरी. मी वारकरी, धागा सकाळपासून वाचतोय. ज्ञानोबांच्या भावंडांना आमच्याच आळंदीनं वाळीत टाकलं होतं, तुकोबांच्या वह्या देहूला आमच्याच लोकांनी इंद्रायणीत बुडवायला लावल्या. 'विरोध' आम्हालाही परका नाही.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. एका ख्रिस्ती घरातल्या प्रार्थनेवर तक्रार आली तेव्हा चौकशी केली. निष्पन्न काय? वाद धर्माचा नव्हता, पार्किंगचा होता! येणाऱ्यांच्या गाड्या बी विंगच्या जागेत लागायच्या, तिथून ठिणगी पडली आणि कुणीतरी तिला धर्माचं नाव दिलं. गाड्या बाहेर लावायचं ठरलं, प्रकरण मिटलं. प्रत्येक वेळी असं मिटेल असं नाही, बाहेरून पोरं आली तर गोष्ट वेगळी. पण माझा सल्ला विचाराल तर सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवा: दर शुक्रवारी अमुक ते अमुक, एवढी माणसं, माईक नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर २००० च्या ध्वनिनियमांनुसार सहसा कुणालाच चालत नाही, आमच्या कीर्तनालाही नाही. आणि शेजाऱ्याला एकदा पोह्याला बोलवा. ज्यानं तुमची सभा आतून पाहिलीय तो बाहेर उभ्या पोरांना सांगू शकतो की आत काय चालतं. तुम्ही सांगून कुणी मानणार नाही.

खडकी_पॅसेंजर

माउली, दंडवत. पुण्याचं सार्वकालिक सत्य सांगितलंत, पार्किंग.

घोरपडीकाका

धागा दोनदा वाचला. पौलाबद्दल एक अडतंय, ते सोडवा. फिलिप्पैत त्यानं नागरिकत्व छड्या खाऊन झाल्यावर सांगितलं. यरुशलेमेत मात्र, बाविसावा अध्याय, चाबकासाठी वाद्यांनी बांधताच विचारलं, रोमी माणसाला चौकशीविना फटके मारायला परवानगी आहे का? तिथं वाचला. मग फिलिप्पैत आधी का नाही बोलला? स्वतःसाठीच हक्क वापरायचा असता तर मार खाण्याआधी वापरला असता.

नगरी_सलाम

काका, याचं उत्तर शास्त्रात थेट दिलेलं नाही, पण मला असं दिसतं. फिलिप्पैत तो दुसऱ्या दिवशी निघून जाणार होता. मागं राहणार होती लुदिया, तो बंदिशाळेचा नायक, त्याच्या घरचे. कालपरवा विश्वासात आलेली मूठभर माणसं. पौल गुपचूप गेला असता तर गावात राहिलं असतं की हे लोक गुन्हेगार, यांना कधीही बडवा. अधिकारी स्वतः येऊन गयावया करून गेले म्हटल्यावर त्या मंडळीच्या वाटेला जाण्याआधी माणूस विचार करणार. आणि बाहेर पडल्यावर पौल थेट लुदियेच्या घरीच गेला, तेही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. मार त्यानं स्वतःसाठी गिळला, जाब त्यांच्यासाठी विचारला.

शुक्रवारच्या घरातले तिथंच राहणार आहेत. त्या आजींनाही तिथंच राहायचंय.

पेठेतला_जुना

हे पटलं. सभा कुठल्या शुक्रवारपासून?

नगरी_सलाम

येत्या. आम्ही काही जण जाणार आहोत. आजी म्हणाल्या, पेटी मीच वाजवणार.

घोरपडीकाका

ठीक. अर्जाला मी सोबत येतो, माझं वय बघून तरी खुर्ची देतील. पण अट आहे. मसुदा मी वाचणार. कुठल्या संघटनेचं, पक्षाचं, जातीचं नाव नको. काय घडलं, किती वाजता, कोण काय बोललं, एवढंच. "आमच्या धर्मावर हल्ला" असली वाक्यं मी खोडणार. आणि त्या पोरांपैकी एकाचे वडील माझ्या ओळखीचे निघाले. अर्ज देण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन सांगून येणार की उद्या असा कागद देतोय. पाठीमागून नको.

खडकी_पॅसेंजर

काका, आधी सांगितलंत तर ते रात्रीतून वरून फोन लावतील. अर्ज आधी, ओळख नंतर.

घोरपडीकाका

लावू देत. मी जाणार.

काळा_कोट

काकांनी जायचं तर जाऊ द्या, पण मग एकाच सकाळी: नऊ वाजता त्यांच्या घरी, दहाला ठाण्यात. मसुद्याबाबत काका बरोबर आहेत, घटनेपुरतं लिहा. नावं माहीत नसतील तर 'अनोळखी इसम' चालतं, वर्णन द्या. आजींचा जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यावं अशी विनंती त्याच अर्जात करा, वयस्कर बाईंना ठाण्यात बोलावता येत नाही. फुटेजसाठी सेक्रेटरीला दिलेल्या पत्राची प्रत जोडा. आणि दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.